गडचिरोलीला निघण्यापूर्वी

वाळपई, सत्तरी

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

गडचिरोलीला नेमणुकीचा आदेश आला आणि आईचा जीव खालीवर होतोय, दोन्ही कळले. तिला सांग, ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीसारख्या माओवादी नेत्याने तिथेच साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. तुझे काम मात्र त्यानंतरचे आहे आणि ते जास्त किचकट आहे.

शरणागतीला मंडप असतो, कॅमेरे असतात. जमिनीच्या कागदावर नाव चढताना यातले काही नसते, म्हणून ते रेंगाळते. आपल्या गोव्यातच बघ. सत्तरीत १८५२ मध्ये दीपाजी राणे पोर्तुगीजांविरुद्ध उठले, १८९५ मध्ये दादा राणे. पोर्तुगीजही गेले. तरी मोकाशाच्या (जुन्या इनामाच्या) जमिनीत काजू लावणारा माणूस एक-चौदाच्या उताऱ्यासाठी (आपला सातबाराच तो) अजून खेटे घालतोच आहे. सांगे-काणकोणच्या वेळीप-गावडा आदिवासींचे वनहक्क कायद्याखालचे दावे तर विचारूच नकोस.

म्हणून तिथे गेल्यावर आधी मेंढा (लेखा) गाठ. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा! परवान्याशिवाय ट्रक नाक्यावर अडणार, म्हणजे जंगल गावाचे आणि चावी दुसऱ्याची. गाव हटून बसले. शेवटी २०११ मध्ये परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आले. माझ्या मते त्या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी शांतता-घटना तीच. एके काळी तेंदूपानाच्या भावासाठी दादालोक, म्हणजे माओवादी, ठेकेदाराला दमात घ्यायचे आणि त्याच्याकडून खंडणीही घ्यायचे. आता लिलाव ग्रामसभा करू शकते. पण ठेकेदाराने पैसे बुडवले आणि तहसीलात कुणी दाद घेतली नाही, तर लोकांना जुना दम आठवणारच. करारनामा तू स्वतः वाच, आगाऊ रक्कम जमा झाल्याशिवाय पुडे उचलू देऊ नकोस.

वनहक्काचे दावे तपासताना कारकून म्हणेल, पुरावा नाही. नियमात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावाच आहे, हे त्याला नियम काढून दाखव.

पोलिसांची ‘दादालोरा खिडकी’ तुला दिसेल. दाखले, योजनांचे अर्ज तिथे होतात. चांगलेच आहे. पण जातीच्या दाखल्यासाठी माणसाला ठाण्यात जावे लागते तोवर महसूल खाते तिथे पोचलेच नाही असे समज.

एकाच पाड्यात खबरी म्हणून मारलेल्याचे घर असेल आणि दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या तुकडीत, गेलेल्या पोरीचेही. त्यांना व्यासपीठावर बोलावून हात मिळवायला लावू नकोस, फोटोपुरते होते ते. दोन्ही घरांतली माणसे वनहक्क समितीत येतील, बांबूतोडीच्या एकाच हजेरीपटावर असतील, एवढे बघ. बोलायचे तेव्हा बोलतील.

मिझोरामच्या बंडखोरांशी शांतता करार झाला तो ३० जून १९८६ चा. बंडखोरांचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले, हे सगळे सांगतात. राज्यघटनेत कलम ३७१-छ (इंग्रजीत ३७१-जी) आले, जमिनीच्या मालकीबद्दलचा संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेने मान्य केल्याशिवाय लागू होत नाही, हे फार कमी जण सांगतात. करार टिकला त्यात त्या कलमाचाही वाटा आहे, असे मी मानतो.

तिथल्या आदिवासींची माडिया भाषा आतापासून शीक. दुभाष्या म्हणून शिपायाला नेऊ नकोस, आणि पाड्यावर पोलिसांच्या गाडीतून तर मुळीच उतरू नकोस. मच्छरदाणी इथूनच ने. पोचलीस की पत्ता कळव.

तुझे,
सर