पोस्टरवर मोबाईल धरला की गायक समोर?

प्रश्न : आम्ही काही तरुण मिळून ख्याल, टप्पा आणि नाट्यपदे गातो. पोस्टरवर मोबाईल धरताच आमची गायिका टेबलावर बसून गाताना दिसेल, असे ऑगमेंटेड रिॲलिटीचे, म्हणजे फोनच्या पडद्यावर समोरच्या दृश्यात आभासी आकृती मिसळणारे, ॲप तयार करून देण्याचा प्रस्ताव आला आहे. खर्च मात्र दोन मैफलींच्या बिदागीइतका आहे. श्रोते जोडण्यासाठी तो करावा का? घराण्यातील दिवंगत गवयांनाही असे समोर आणता येईल का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : तंत्र अवश्य वापरा, पण ॲप करून घेऊ नका. यू-टू या आयरिश बँडने २०१८ मध्ये असे ॲप काढले होते. अल्बमच्या मुखपृष्ठावर फोन धरला की गायक बोनो यांची त्रिमित आकृती गाऊ लागे. डिसेंबर २०२२ मध्ये गोरिलाझ या कार्टून रूपातील बँडची पात्रे न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये इमारतींएवढी उंच होऊन फोनच्या पडद्यावर अवतरली. या दोन्ही बँडचे चाहते जगभर आहेत आणि ते ॲप उतरवून घेतात. एका मैफलीपुरता आलेला श्रोता तेवढी खटपट करणार नाही. तुमच्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून थेट ब्राउझरमध्ये उघडणारा प्रकार योग्य ठरेल, कारण त्यात कॅमेऱ्याची परवानगी दिली की काम होते. एखाद्या समाजमाध्यमाच्या फिल्टरवरही सारी भिस्त ठेवू नका : इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने जानेवारी २०२५ मध्ये स्पार्क एआर हे फिल्टर बनवण्याचे साधन बंद केले आणि बाहेरच्या कलाकारांनी मेहनतीने बनवलेले फिल्टर इन्स्टाग्रामवरून नाहीसे झाले.

पोस्टरचे चित्र निवडताना विशेष काळजी घ्या. फोन चित्रातील ठळक कोपरे आणि उजेड-अंधाराचे फरक टिपून ते ओळखतो. तानसेनांच्या समाधीशेजारच्या मोहम्मद घौस यांच्या मकबऱ्यातील जाळी पोस्टरवर घ्यावी, असे ग्वाल्हेरकराला साहजिकच वाटेल; परंतु तेच ते नक्षीकाम पुन्हा पुन्हा आले की फोन गोंधळतो. त्यापेक्षा तंबोरा, तबला आणि ठळक अक्षरे यांची असमान मांडणी चांगली. कागद चकचकीत नको, कारण त्यावर दिव्यांची तिरीप येते. छापण्यापूर्वी सभागृहाच्याच प्रकाशात, साध्या स्वस्त फोनवर चाचणी घ्या.

खरा प्रश्न आहे तो दाखवायचे काय, हा. गायिका नुसती टेबलावर आली तर लोक एकदा पाहतील आणि विसरतील. मागच्या रांगेतून जे कधीच दिसत नाही, ते त्यांना जवळून दाखवा. टप्प्यातील एक तान, तिच्यासोबत तबलजीची बोटे चाटेवरून (तबल्याच्या कडेवरून) शाईकडे (मधल्या काळ्या भागाकडे) कशी सरकतात, हे अर्ध्या मिनिटात दाखवता आले, तर श्रोता पुढच्या मैफलीत अधिक समजून ऐकेल. यासाठी हिरव्या पडद्यासमोर चित्रित करून पार्श्वभूमी काढून टाकलेला व्हिडिओ पुरेसा आहे. तो बाजूने पाहिल्यास कागदासारखा सपाट दिसतो, हे मान्य. पण सर्व बाजूंनी पाहता येणारा माणूस उभा करायचा, तर सभोवती अनेक कॅमेरे लागतात आणि तो खर्च तुम्हाला झेपणारा नाही. तंबोऱ्याची त्रिमित प्रतिकृती करायची झाली, तर फोनच्या स्कॅनिंगमध्ये बारीक तारा नीट उतरत नाहीत, त्या संगणकावर वेगळ्या रेखाव्या लागतील. हे सर्व मैफलीच्या आधी किंवा नंतर पाहण्यासाठी असावे. गाणे सुरू असताना कोणाचाही फोन वर येऊ देऊ नका.

दिवंगत गवयांबाबत मात्र माझे मत कठोर आहे. जुन्या छायाचित्राला ओठ हलवायला लावून, त्यांनी कधी न गायलेले त्यांच्या तोंडी घालू नये. गायकी शिकणारा मुलगा तेच खरे मानून गिरवू लागेल. छायाचित्र स्थिर ठेवून त्यांचे मूळ ध्वनिमुद्रण ऐकवता येईल. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. तेव्हा हक्कधारकाची परवानगी घ्या आणि कायद्याने आवश्यक असो वा नसो, कुटुंबीयांचीही लेखी संमती घ्या.