रानातल्या पावसासाठी देशी कपडे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

देशी बनावटीचे रेनकोट, जॅकेट आणि रानात वापरायचे कपडे निवडताना नेमकं काय पाहायचं, अशी बरीच पत्रं आली. त्यांतले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मी पाहिलेल्या जॅकेटवर मात्र '५००० मिमी' असं लिहिलंय. मग ते पुरणार कसं?
– एक वाचक, सावंतवाडी

दोन्हीकडे मिलिमीटर असले तरी मोजलं जातं ते वेगवेगळं. पावसाचे मिलिमीटर म्हणजे पडलेलं पाणी वाहून न जाता जागीच साठलं असतं, तर त्याची उंची किती झाली असती, ते. जॅकेटवरचा आकडा कापडाच्या चाचणीचा आहे. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करत न्यायचा आणि तो किती उंच झाल्यावर कापडाच्या पलीकडे थेंब उमटतात ते पाहायचं. ५००० मिमी म्हणजे पाच मीटरचा स्तंभ, अर्थात दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो दाब.

चालताना अंगावर पडणाऱ्या पावसाला एवढं कापड पुरतं. अडचण येते ती दाब पडतो तिथे. समजा, सत्तर किलोचा माणूस ओल्या कातळावर दोन्ही गुडघ्यांवर टेकला आणि प्रत्येक गुडघ्याखाली तीसेक चौरस सेंटिमीटर जागा आली. तर तिथला दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या वर जातो. मिलिमीटरच्या भाषेत हे अकरा-बारा हजार झाले. म्हणून जॅकेट ५००० ते १०,०००चं चालेल, पण पॅन्टला बैठकीवर आणि गुडघ्यांवर दुहेरी कापड हवं. सॅकच्या पट्ट्यांखाली दाबापेक्षा घासणं जास्त असतं. तिथलं कोटिंग, म्हणजे पाणी अडवणारा थर, सगळ्यात आधी जातं.

आणि हा आकडा फक्त कापडाचा आहे, शिलाईचा नाही. शिलाई मशीन इंचाला आठ ते बारा टाके घालतं. प्रत्येक टाका म्हणजे सुईचं एक भोक. देशी जॅकेट गळतं ते बहुतेक वेळा या भोकांतून. कापड बिचारं शाबूत असतं. दुकानात जॅकेट उलटं करून आतून पाहा. प्रत्येक शिवणीवर दोनेक सेंटिमीटर रुंदीची चकचकीत पट्टी, म्हणजे सीम टेप, चिकटवलेली हवी. काखेत आणि टोपी गळ्याला जोडते तिथे तीन-तीन शिवणी एकत्र येतात. टेप आधी सुटतो तो या सांध्यांवर, म्हणून नखाने कड उचलून बघा. काही कंपन्या फक्त खांद्यांच्या आणि टोपीच्या शिवणींना टेप लावतात आणि लेबलवर 'सीम सील्ड' लिहून मोकळ्या होतात.

घरी आणल्यावर टॅग काढण्याआधी एक चाचणी करा. काखेचा सांधा मध्यभागी येईल असा कापडाचा द्रोण करा, त्यात ग्लासभर पाणी ओता, खाली कोरडा टिश्यू पेपर धरा आणि दहा मिनिटं थांबा. पेपरवर ओला ठिपका उमटला तर जॅकेट बदलून घ्या.

भारी किमतीचं 'ब्रीदेबल' जॅकेट घेतलं. जुलैत हरिश्चंद्रगडावर ते घालून गेलो तर आतून चिंब. पाऊस आत आला की मलाच घाम आला?
– एक वाचक, पुणे

जवळजवळ नक्की घामच. जॅकेटमध्ये दोष असेलच असं नाही. सह्याद्रीच्या पावसाळ्यात अशा कापडाला काम करायला वावच कमी मिळतो.

'ब्रीदेबल' म्हणजे वाफ सोडणाऱ्या या कापडातून वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या, म्हणजे हवेतल्या वाफेच्या दाबातल्या, फरकामुळे. घामेजलेल्या अंगाजवळ, ३४ अंशांला, हा दाब सुमारे ५.३ किलोपास्कल असतो. हिमालयात बाहेर ५ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर तिथला दाब ०.७ भरतो. फरक झाला ४.६. जुलैत घाटमाथ्यावर २४ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असते, तेव्हा बाहेरचाच दाब २.८ असतो. फरक उरतो जेमतेम २.५. म्हणजे तेच जॅकेट इथे निम्म्याच ताकदीने वाफ बाहेर टाकतं, आणि चढावर घाम तर दुपटीने येतो. त्यात वरचं कापड पाणी पिऊन जड झालं की बाहेर पडण्याची उरलीसुरली वाटही बंद होते.

लेबलवरचा '१०,००० ग्रॅम' हा आकडा म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती वाफ जाते त्याचं माप. पण ते मोजायच्या पद्धती अनेक आहेत. पाण्याच्या वाटीच्या तोंडावर कापड बसवून ती सुलटी ठेवली तर एक आकडा येतो, उलटी ठेवली तर त्याच कापडाचा कितीतरी मोठा येतो. पद्धतीचं नाव दिलेलं नसेल तर दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आमचा सल्ला असा, की सह्याद्रीसाठी वाफ सोडणाऱ्या कापडावर जादा पैसे घालू नका. ते पैसे हवा खेळती ठेवणाऱ्या रचनेवर घाला. काखेखाली निदान २५ सेंटिमीटरची झिप हवी. पाठीवर झडपेखाली जाळी हवी. पुढच्या झिपला दोन्हीकडून उघडणारे स्लायडर असले तर खालून झिप उघडून हवा घेता येते. भातलावणीला बायका इरलं घेतात त्याचं तत्त्व हेच आहे. डोकं आणि पाठ झाकलेली, पुढून आणि बाजूंनी सगळं मोकळं. सॅकवरून येणारा पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा सैल झगा, त्या इरल्याच्या सगळ्यात जवळचा. रुंद, मळलेल्या वाटेवर आणि कमी वाऱ्यात तो जॅकेटपेक्षा सरस ठरतो. कड्याच्या वाटेवर, शिडीवर किंवा दोराच्या टप्प्यावर मात्र तो घालू नका. वाऱ्याने तोंडावर उलटतो आणि पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही.

आत सुती बनियन नको. ते घाम धरून ठेवतं आणि माथ्यावर वारा लागला की अंग गारठवतं. पातळ पॉलिएस्टरचा टी-शर्ट बरा. खाली जीन्स तर नकोच. मांड्या सोलवटतात आणि रात्रभर टांगली तरी ती वाळत नाही. चढताना भिजणार हे धरूनच चला आणि मुक्कामासाठी एक पूर्ण कोरडा जोड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या आत ठेवा. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाठीवरून ओघळणारं पाणी त्याला चुकवून आत शिरतं. कळसूबाईसारख्या १६४६ मीटर उंचीच्या माथ्यावर ओल्या अंगाने वाऱ्यात बसून राहणाऱ्याचं शरीर ऑगस्टमध्येही धोकादायक इतकं थंड पडू शकतं.

'मेड इन इंडिया' म्हणजे कापडही इथलंच असतं का? ओळखायचं कसं?
– एक वाचक, नाशिक

नसतंही. पुष्कळदा मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ पडदा, लावलेलं कापड, टेप किंवा झिप बाहेरून येते आणि बेतणं, शिवणं, टेप चढवणं इथे होतं. त्यात कमीपणा काही नाही. जॅकेट चांगलं निघणार की वाईट हे जास्त करून त्या शेवटच्या कामावरच ठरतं.

पाकिटावरच्या लेबलवर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि महिना-वर्ष पाहा. 'उत्पादक' आणि 'विक्रेता' ही दोन नावं वेगळी असतील तर बनवणारा वेगळा आहे. 'आयातदार' असं असेल तर माल तयार होऊनच आलाय. ऑनलाइन घेताना मूळ देशाचा रकाना उघडून वाचा. ब्रँडचं नाव भारतीय म्हणून माल इथला, हे गृहीत धरू नका. उलट बाजूने, परदेशी साखळी दुकानांतला काही माल इथेच शिवलेला असतो.

देशी मालाचा खरा फायदा दुरुस्तीत आहे. झिपचा स्लायडर, कमरेची नाडी, बटणं बदलून मिळतात का, हे विकत घेण्याआधी विचारा. आणि पावसाळी कापडाची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. कोलकात्याच्या 'डकबॅक'ची सुरुवात १९२० सालची, स्वदेशीच्या काळातली.

मोटरसायकलचा रेनकोट ट्रेकला चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

बसून राहायचं असेल तर चालेल. चढायला नको. पीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, कोट पाणी थेंबभर आत सोडत नाही, तशी वाफही बाहेर सोडत नाही, आणि हात वर उचलायला त्यात काखेत सैलपणा नसतो. उलट, ट्रेकची पॅन्ट गाडीवर गळते. सीटच्या खळग्यात पाणी साचतं आणि बसणाऱ्याच्या वजनाने ते दोन मांड्यांमधल्या शिवणीतून आत ढकललं जातं. गाडीसाठी त्या जागी अखंड तुकडा लावलेली पॅन्ट घ्या.

चार वर्षांपूर्वीचं जॅकेट माळ्यावरून काढलं तर आतून चिकट झालंय, पापुद्रे सुटतायत, वासही येतोय. काही करता येईल?
– एक वाचक, रत्नागिरी

आतला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर सुटत चाललाय. दमट हवा आणि उष्णता मिळाली की या थराचे रासायनिक बंध पाण्यानेच तुटतात. पत्र्याखालचा माळा आणि घट्ट गुंडाळलेलं ओलसर जॅकेट, याहून वाईट जोडी नाही. सगळीकडे चिकट झालं असेल तर ते वाचत नाही. त्यावर पैसे घालू नका.

नुसता टेप सुटला असेल तर मात्र दुरुस्त होतं. सुटलेला टेप काढा, जागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि शिवणीवर सेंटिमीटरभर रुंद, पातळ असा सीम सीलर ब्रशने लावा. पॉलियुरेथेनच्या कापडाला युरेथेनचा सीलर आणि सिलिकॉनच्या कापडाला सिलिकॉनचाच. अदलाबदल केली तर तो सालपटासारखा निघतो. रात्रभर वाळू द्या आणि वर टाल्कम पावडर भुरभुरवा, म्हणजे घडी घातल्यावर चिकटणार नाही. चपलांचं सोल्यूशन लावू नका. ते वाळल्यावर कडक होऊन घडीवर तडकतं.

पाण्याचे थेंब वरून घरंगळायच्या ऐवजी कापडात मुरायला लागले तर वरची पाणी झटकणारी प्रक्रिया उतरलीय किंवा मळाखाली दबलीय. झिपा लावा आणि कोमट पाण्यात, नेहमीच्या निम्म्या लिक्विड साबणाने हाताने धुवा. दोनदा खळबळा. सॉफ्टनर आणि धुण्याचा सोडा अजिबात नको. पिळू नका, आणि मशीनच्या स्पिनमध्येही घालू नका. पाणी कापडात अडकून राहतं आणि ड्रम एका बाजूला जड होऊन आदळतो. सावलीत वाळल्यावर वर सुती फडकं ठेवून सगळ्यात मंद इस्त्री फिरवा. उष्णतेने ती प्रक्रिया पुन्हा जागी होते. पीव्हीसीला इस्त्री कधीही नाही. एवढं करूनही थेंब मुरत असतील तर पाणी झटकणारा स्प्रे मारायची वेळ आली आहे.

मोसम संपला की दोन दिवस पंख्याखाली वाळवून हँगरला सैल लटकवा. कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर भिंतीची ओल त्यातही येते, एवढं ध्यानात ठेवा.

ऑनलाइन 'हंटिंग जॅकेट' नावाने हिरवट छापाचे कपडे मिळतात. पाणवठ्यावर मचाणावर बसायला ते घ्यावेत का?
– एक वाचक, चंद्रपूर

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, पण त्या कपड्यांमागचं तंत्र प्राणी पाहणाऱ्याच्याही कामाचं आहे. छाप त्यात सगळ्यात कमी महत्त्वाचा. लष्करी छाप तर टाळाच. जानेवारी २०२२मध्ये पुढे आलेल्या सेनेच्या नव्या गणवेशाच्या नक्षीची नोंदणी झालेली आहे, आणि सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून तसा पोशाख घालणं हा गुन्हाच आहे. साधा मातकट, खाकी किंवा सुक्या पानाचा रंग पुरतो.

हरणवर्गातल्या प्राण्यांना लाल-केशरी आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. म्हणून तर आपल्याला भडक दिसणारा वाघ चितळाला झाडोऱ्यात सहज दिसत नाही. निळा मात्र त्यांना छान दिसतो. म्हणून निळी जीन्स नको आणि पांढरा सदरा नको. कपडे 'झळाळी' देणाऱ्या पावडरीत किंवा निळीत धुवू नका. त्या पावडरीतली द्रव्यं कापडावर राहतात, निळसर उजेड परत फेकतात, आणि मंद प्रकाशात मातकट कापडही उठून दिसतं.

रंगाहून मोठा शत्रू आवाज. टफेट्याचं, म्हणजे गुळगुळीत, कडक कापडाचं, जॅकेट हात हलवला की सळसळतं, आणि सांबराचे कान तेवढ्यावर उभे राहतात. दुकानात बाही कानाशी धरून कापड चुरगाळून बघा. वरून मऊ, लवदार पोत असलेलं कापड गप्प राहतं. पण ते पाणी जास्त पितं आणि वाळायला वेळ लावतं. म्हणून पावसात चालायला टफेटा आणि मचाणावर बसायला लवदार, असे दोन वेगळे कपडे ठेवलेले बरे. वेल्क्रो मचाणावर उघडायचं नाही. खिसे बटणाचे असावेत.

आंबोली, कोयनेच्या बाजूला जाणार असाल तर गुडघ्यापर्यंतचे, घट्ट विणीच्या कापडाचे जळूमोजे घ्या आणि ते पॅन्टच्या वरून बांधा. पॅन्टच्या आतून घातले तर जळू पॅन्टच्या पायातून आत शिरून मोज्यावरून वर चढते.

धनगरांची घोंगडी खरंच पाऊस थोपवते का? ट्रेकला नेता येईल?
– एक वाचक, सांगली

थोपवते, पण तिच्या पद्धतीने. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. वर चिंचोक्याची खळ दिलेली, म्हणून विण ताठ आणि दाट बसते. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओल घेताना थोडी ऊबही देते. खोळ करून डोक्यावर घेतली की पाणी केसांवरून निथळतं. मेंढरांमागे उभं राहायला, शेताची राखण करायला हिच्याइतकी चांगली वस्तू नाही.

सॅक पाठीवर घेऊन चढायला मात्र ती नको. तासन्‌तासच्या मुसळधार पावसात ती शेवटी भिजते आणि मग दुप्पट जड होते. मुक्कामावर अंथरायला-पांघरायला न्या. साबणाने धुवू नका, खळ निघून जाते. ऊन पडलं की दगडावर पसरायची आणि काठीने झटकायची.