फारोचं मन देवानेच कठीण केलं, मग दोष फारोचा कसा? आणि माझा भाऊ कुणाचंच ऐकत नाही, त्यालाही देवासारखं सोडून द्यावं का?

'देवानेच कठीण केलं' ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणणाऱ्याने बायबलमधलं निर्गम ७ ते ११, म्हणजे इस्राएली गुलामांना न सोडणारा मिसरचा राजा फारो आणि त्याच्यावर आलेल्या पीडांची गोष्ट, सलग वाचलेलं नसतं.

पेन्सिल घ्या आणि प्रत्येक पीडेनंतर मन कठीण करणारा कर्ता कोण, तेवढं समासात लिहा. रक्त, बेडूक, उवा, गोमाश्या, गुरांची मरी. पाच झाल्या, कर्ता एकदाही देव नाही. एक तर 'मन कठीण झाले', नाहीतर फारोने केलं. 'परमेश्वराने' येतं ते सहाव्या पीडेला, गळवांच्या वेळी (९:१२).

बेडकांपाशी जरा थांबा. अंथरुणात बेडूक, भट्टीत बेडूक, कणकेच्या परातीत बेडूक. इस्राएलांचा पुढारी मोशे विचारतो, कधी घालवू? फारो म्हणतो, "उद्या". अहो, आत्ता म्हणायला काय झालं होतं! आणि बेडूक मेले, जरा मोकळा श्वास मिळाला, की गडी पुन्हा मूळपदावर.

फारो स्वतः करतो तिथे हिब्रू क्रियापद 'कावेद', म्हणजे जड करणं. ९:१२ मध्ये मात्र 'हाझाक' आहे. यहोशवा १:६ मधलं 'खंबीर हो' तेच. म्हणजे फारोला जे करायचंच होतं, त्यासाठी देवाने त्याला खंबीर केलं. मराठीत दोन्हीकडे 'कठीण' छापलं की हा फरक बुजतो.

रोमकरांस पत्रातही तेच. पहिल्या अध्यायात २४, २६, २८ या तीन वचनांत ग्रीक 'पारेदोकेन': हवाली केलं. वीज पडत नाही, रोग येत नाही. ज्याला जे हवं, त्याच्या हाती त्याला दिलं. हाच न्याय. (तेच क्रियापद ८:३२ मध्ये देवाने स्वतःच्या पुत्राबद्दल केलेल्या कृतीला आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.)

आता माझ्या विरुद्ध जाणारं: निर्गम ४:२१ आणि ७:३ मध्ये 'मी कठीण करीन' असं देव आधीच सांगून ठेवतो, आणि देव वाटेल त्याला कठीण करतो म्हणणारं रोम ९:१८ तर आहेच. ते मला पूर्ण सुटलेलं नाही. पण समासातला क्रम त्याने बदलत नाही.

राहिला भाऊ. रोम १:२८ मधलं 'देवाने हवाली केलं' तोंडावर फेकून घरातलं माणूस तोडणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. त्या वाक्याचा कर्ता देव आहे, थोरला भाऊ नाही. पाच वचनं पुढे जाऊन २:१ वाचा, ते दोष लावणाऱ्यालाच धरतं. आणि होशेय ४:१७ मध्ये 'एफ्राइमाला (म्हणजे हट्टी इस्राएलाला) असू द्या' म्हणणारा देवच ११:८ मध्ये विचारतो, एफ्राइमा, तुला मी कसा सोडू?