‘बिल शून्य’ म्हणून बसलो, आता मामांचा फोन उचलवत नाही

“खोटं बोलल्याशिवाय माल खपत नाही आणि खोटं बोललं की झोप लागत नाही. सोडून देऊ का हे काम?” मी समुपदेशक आहे. विमा, फ्लॅट, गुंतवणुकीच्या योजना विकणारी मुलं हा प्रश्न घेऊन पूर्वीपासून माझ्याकडे येतात. आता त्यांच्यात घराच्या छतावरचं सोलर विकणाऱ्यांची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागलं, आणि आमच्या नागपुरात गल्लोगल्ली एजन्स्या उघडल्या. आयटीआय झालेल्या, पदवी घेऊन घरी बसलेल्या पोरांना टी-शर्ट आणि टार्गेट देऊन उन्हात सोडलं गेलं.

त्यांतल्या एकाची ही गोष्ट. सांगायला त्याची परवानगी आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय २७, आयटीआय इलेक्ट्रिशियन. पगार १४,००० आणि लागलेल्या प्रत्येक साइटमागे, म्हणजे सोलर बसलेल्या घरामागे, इन्सेंटिव्ह. तक्रार अशी, की फोन वाजला की छातीत धडधडतं. म्हणून फोन सायलेंटवर, तोही पालथा. मग मॅनेजरचा कॉल चुकतो, नव्या गिऱ्हाइकाचाही. रात्री दोनला जाग येते ती पहाटेपर्यंत. आधी विचारायचं ते मी विचारून घेतलं: जगणं नकोसं वाटतं का, पिणं वाढलंय का. तसं नव्हतं. (तसं असेल तर नोकरीची चर्चा बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.)

“सगळ्यात जास्त भीती कोणाच्या फोनची वाटते?”

“मामाच्या.”

या धंद्यात पहिल्या महिन्यात नातेवाईक संपतात, दुसऱ्या महिन्यात मित्र, आणि तिसऱ्या महिन्यापासून खरी नोकरी सुरू होते. यानंही रुजू झाल्यावर पहिलं सोलर मामांच्या घरावर बसवलं, तीन किलोवॉटचं. ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेलं वाक्य होतं, ‘बिल शून्य’. ते त्यानं मामांना ऐकवलं. मामांनी भाच्यावर भरवसा ठेवला, कोटेशन वाचलंसुद्धा नाही. काही महिन्यांनी बिल आलं, आणि ते शून्याच्या आसपासही नव्हतं. “मामाले काय तोंड दाखवू, मॅडम? मामेबहिणीच्या साखरपुड्याले पण नाही गेलो मी.”

पहिल्या भेटीत तो एवढंच म्हणत राहिला: माझं चुकलं, मी फसवलं. नेमकं काय चुकलं विचारलं की “सगळंच.” या ‘सगळंच’शी काही करता येत नाही. म्हणून पुढच्या वेळी मामांचं बिल घेऊन ये म्हटलं. मामेभावाकडून मागवून आणलं त्यानं.

महावितरणचं ते बिल टेबलावर पसरून तो मला समजावू लागला. अंगठ्याचं नख एकेका ओळीखालून सरकत होतं: ग्रिडमधून इतकी युनिटं घेतली, इतकी परत पाठवली, वजाबाकी होऊन इतकी उरली. तीन किलोवॉटचं दिवसाला साधारण बारा युनिट धरायचं, ढगाळ दिवसांत बरंच कमी. आणि हा स्थिर आकार. तो कोणालाच चुकत नाही, छतावर कितीही पॅनल लावा. आवाजातली थरथर गेली होती. माझ्यासारख्या बाईला, जिला बिलातली फक्त शेवटची रक्कम दिसते, पंधरा मिनिटांत सगळं कळलं. याला विकणं जमत नसेल एक वेळ, पण काम कळतं, हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

“मग एवढं बिल का आलं?”

“मामानं बेडरूममध्ये एसी घेतला ना. म्हणे वीज आता फुकटच आहे.”

एसी रात्रभर चालला की आठ-दहा युनिटं सहज जातात. म्हणजे दिवसभर जे पिकवलं, ते बहुतेक एकट्या एसीनं खाल्लं. मी म्हटलं, हा भाग तुझा नाही. तो हसला, आणि लगेच गप्प झाला. मग म्हणाला, “पण सावली आहे.” पश्चिमेच्या शेजाऱ्यानं मजला चढवला होता. दुपारी तीननंतर दोन पॅनल सावलीत जात, आणि एका स्ट्रिंगमधल्या, म्हणजे एका माळेत जोडलेल्या, दोन पॅनलवर सावली आली की बाकीच्यांनाही फटका बसतो. “सर्व्हे केला तेव्हा त्याच्या स्लॅबवर कॉलमच्या सळया वर आलेल्या होत्या, मॅडम. मी पाहिल्या होत्या.” महिनाअखेर होती. टार्गेटला एक साइट कमी पडत होती.

रात्री दोनला त्याला उठवत होत्या त्या या सळया.

अशा वेळी ‘स्वतःला दोष देऊ नकोस’ म्हणायची आमच्या क्षेत्रात पद्धत आहे. मला ती पटत नाही. एसीचा दोष त्याचा नव्हता. ‘शून्य’ घोकून घेणारी आणि सर्व्हेचं काम विकणाऱ्याच्याच गळ्यात मारणारी एजन्सी तर नामानिराळीच राहिली होती. पण शून्य हा शब्द तोंडातून काढणं आणि सळयांबद्दल मूग गिळणं, हे दोन्ही त्याचंच होतं. तेवढं त्यानं उचलावं, बाकीचं खाली ठेवावं, असं मी म्हटलं.

त्यावर त्यानं काय ठरवावं? मामांचं वर्षभराचं बिल आपण भरायचं. मी साफ नको म्हटलं. बाइकचा हप्ता भरताना याच्या नाकी नऊ येतात. शिवाय पैसे टाकले की बोलायला नको, ही पळवाट त्यात होतीच. त्याऐवजी समोरासमोर बोलायची तालीम केली. मी मामा झाले. पहिल्या खेपेला त्यानं मला अनुदानाचे नियम ऐकवले. मी मध्येच तोडलं, “ते ठीक आहे रे, पण तू शून्य म्हणाला होतास.” बराच वेळ गेला. मग, “हो मामा, म्हटलं होतं. चुकीचं म्हटलं होतं. शेजारच्या सळया पण दिसल्या होत्या मले, सांगितलं नाही.” हे नीट यायला दोन भेटी लागल्या.

एका रविवारी तो गेला. मामा काय काय बोलले ते त्यानं मला सांगितलं नाही, मीही खोदलं नाही. मामींनी चहा दिला. मग दोघं गच्चीवर गेले. पॅनलवर धुळीचा थर होता, कारण धुवायचे असतात हे मामांना कोणी सांगितलंच नव्हतं. दोन पॅनल पूर्वेला सरकवायला एजन्सीनं फुकटात नकार दिला. फॅब्रिकेटरचा खर्च मामा-भाच्यांनी वाटून घेतला. बिल उतरलं. शून्य नाही झालं.

नोकरी सोडायची का, हा मूळ प्रश्न आम्ही त्यानंतरच हाती घेतला. घाबरलेल्या अवस्थेत दिलेला राजीनामा बहुतेकदा पुढच्या नोकरीतही तीच भीती घेऊन जातो. मी त्याला म्हटलं, आधी खरं बोलून बघ, या एजन्सीत निभाव लागतो का. त्यानं कोटेशनखाली स्वतःच्या हातानं लिहायला सुरुवात केली: स्थिर आकार येणारच. लाइट गेली की हे सोलरही बंद पडेल, कारण तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. अनुदान सोलर सुरू झाल्यावर तुमच्या खात्यात येईल, ते माझ्या हातात नाही. शेजारचं बांधकाम वाढलं तर वीज कमी बनेल.

पहिल्या महिन्यात साइट निम्म्यावर आल्या आणि मॅनेजरनं सगळ्यांसमोर ‘हरिश्चंद्र’ म्हणून घेतलं. लाइटचं वाचून काही गिऱ्हाइकं तिथेच थांबली. पण फोन सुलटा झाला. पुढे साइट थोड्या वाढल्या, पूर्वीइतक्या नाहीत.

याच कामातली दुसरी एक मुलगी मजेत आहे. तिच्याकडे सर्व्हे इंजिनिअर करतो, सावली त्यानं मंजूर केल्याशिवाय ऑर्डर लागत नाही. ती फक्त विकते. म्हणून हल्ली सोलरमधलं कोणी आलं की मी आधी विचारते, सर्व्हे कोण करतं? विकणाऱ्याचं इन्सेंटिव्ह त्याच्याच सर्व्हेवर ठरत असेल, तर मन कितीही घट्ट असलं तरी महिनाअखेरीला सळया दिसेनाशा होतात. तिथे समुपदेशनापेक्षा एजन्सी बदलणं जास्त उपयोगी पडतं.

तो सध्या साइट सुपरवायझरच्या जागा शोधतोय. वडिलांचं मात्र एकच टुमणं आहे, महावितरणच्या भरतीचा फॉर्म भर. पुढच्या भेटीत वडिलांनाही घेऊन ये म्हटलंय.