'देणगीदार' की 'भागीदार'? सुवार्ताकार्यातल्या एका शब्दाविषयी

प्रश्न असा आला आहे: "आमच्या मंडळीने पाठवलेलं एक कुटुंब दूरच्या भागात सुवार्तेचं काम करतं. त्यांना पैशाने, प्रार्थनेने, पत्रांनी साथ देणाऱ्यांना इंग्रजीत 'मिशन पार्टनर' म्हणतात. मराठीत काय म्हणावं? 'भागीदार' अगदी दुकानातला वाटतो, 'देणगीदार' कोरडा आहे आणि 'सहभागी'त काही जोर नाही. 'पाठीराखे' चालेल का?"

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. 'भागीदार' घ्या. त्याला व्यवहाराचा वास आहे हे खरंच, पण नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या उत्तर भागातल्या, मूळ ग्रीक शब्दालाही तोच वास आहे आणि तो घालवला तर अर्थाचा मोठा भाग हातचा जातो.

लूकच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढून बघा. शिमोन रात्रभर राबला आहे, हाती काही लागलेलं नाही. येशूच्या सांगण्यावरून तो पुन्हा जाळं सोडतो आणि ते माशांनी इतकं भरतं की फाटायला लागतं. दुसऱ्या मचव्यातल्यांना खुणावून बोलावलं जातं. ते येतात, दोन्ही मचवे काठोकाठ भरतात आणि दोन्ही बुडायला लागतात. दुसऱ्या मचव्यातल्या या माणसांना लूकने सातव्या वचनात ग्रीक 'मेतोखोस' हा शब्द वापरला आहे. पुढे दहाव्या वचनात याकोब आणि योहान हे शिमोनाचे 'कोइनोनोस' होते असं तो सांगतो. मासेमारीच्या धंद्यातले भागीदार. जाळी एकत्र, कष्ट एकत्र, मिळकत एकत्र. आणि त्या दिवशी मचवा बुडायची वेळ आली तीही एकट्या शिमोनावर नाही आली.

'कोइनोस' म्हणजे सामाईक. त्यावरून 'कोइनोनोस' हा माणूस आणि 'कोइनोनिया' हे नातं. मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानाला हा दुसरा शब्द 'सहभागिता' म्हणून ओळखीचा आहे. पण 'सहभागिता' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रार्थनासभा येते, एकत्र गायलेली गीतं येतात. त्यामागचा मचवा दिसत नाही.

प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पत्र या दृष्टीने जरूर वाचावं. तो बंधनात, म्हणजे कैदेत आहे. पत्राच्या सुरुवातीलाच तो देवाचे आभार मानतो ते पहिल्या दिवसापासून त्या मंडळीची सुवार्तेत जी 'कोइनोनिया' आहे तिच्याबद्दल. पत्र संपता संपता कळतं की एपफ्रदीताच्या हाती त्यांनी त्याला काही पाठवलं होतं. थेस्सलनीकात असतानाही त्यांनी एकदा नव्हे, पुन्हापुन्हा पाठवलं होतं. इथे पौलाची भाषा बघण्यासारखी आहे. देण्याघेण्याच्या व्यवहारात तुमच्याखेरीज कोणतीच मंडळी माझ्याशी भागी झाली नाही, असं तो म्हणतो. 'देणंघेणं' ही ग्रीकमधलीही हिशेबाच्या वहीतलीच जोडी आहे. लगेच पुढे, तुमच्या हिशेबी जमा व्हावं असं फळ मला हवंय, असं म्हणतो. आणि मग येतो 'आपेखो'. त्या काळच्या पपायरसवरच्या पावत्यांत हा शब्द सापडतो; रक्कम पुरती पोचली की लिहून द्यायचा शब्द.

मराठीत याला तंतोतंत जोडीदार आहे: 'भरून पावलो'. जुन्या दस्तऐवजात 'रक्कम भरून पावलो' असं लिहून देत आणि आज तेच शब्द आपण मन तृप्त झाल्यावर वापरतो. 'आपेखो'च्या मागोमाग पौलही आपण भरून गेल्याचं लिहितो. मला तर हे वचन वाचताना दर वेळी 'भरून पावलो'च ऐकू येतं.

त्याच उताऱ्यात, चवथ्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात, आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही मला मदत केलीत, असं पौल लिहू शकला असता. त्याने लिहिलं ते असं की माझ्या संकटात तुम्ही भागी झालात, हे चांगलं केलंत. पैसे पाठवणं म्हणजे संकटाचा एक वाटा आपल्या अंगावर घेणं, अशी ही मांडणी आहे. आणि तो वाटा पुस्तकी नव्हता. पैसे घेऊन आलेला एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारी पोचला होता, हे याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे.

फिलेमोनाला लिहिलेल्या चिठ्ठीत तर हिशेबाची भाषा आणखी उघड आहे. मला भागीदार समजत असशील तर अनेसिमाला (फिलेमोनाच्या दासाला) माझ्यासारखंच जवळ कर, त्याच्याकडे काही येणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो, मी फेडीन. भागीदार, खातं, स्वहस्ते लिहून दिलेला कबुलीजबाब, सगळं दोन-तीन वचनांत. इतक्या कोवळ्या, मायेच्या चिठ्ठीत पौलाला हे शब्द दुकानी वाटले नाहीत, तर आपण का बिचकावं?

आता मराठी बाजू. 'भागीदार' हा संस्कृत 'भाग' आणि फारसी 'दार' यांचा संसार. 'भाग' येतो 'भज्' या धातूपासून. वाटणे, वाट्याला घेणे, सेवणे हे त्याचे अर्थ. 'भक्त' आणि 'भक्ती' हे शब्दही याच धातूचे. 'भक्ती'चा संस्कृतातला एक अर्थ विभागणी, वाटा असाच आहे. म्हणजे ज्या शब्दाला आपण बाजारातला म्हणून दूर ठेवतो, तो 'भक्ती'च्या घरातलाच निघतो.

बाकीच्या शब्दांकडे येतो.

'देणगीदार' पावतीपुस्तकावर बरोबर आहे, तिथे तोच राहू द्या. नात्याचं नाव म्हणून तो का नको, हे मी चुकून शिकलो. काही वर्षं मी अशाच एका कुटुंबाची प्रार्थनापत्रं मराठीत उतरवून देत असे. एका पत्राच्या माथ्यावर मी 'आमच्या सर्व देणगीदारांस' असं घातलं. आठवड्याभरात एका वयस्क बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "यंदा माझ्याच्यानं काही देणं व्हायचं नाही. तेव्हा माझं नाव यादीतून काढून टाका, उगाच टपालखर्च नको." मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "आणि धाकटीचा कान बरा झाला का? मी रोज नाव घेऊन मागते." चार पत्रांपूर्वी एका ओळीत आलेला तो कान मी विसरलो होतो, त्या विसरल्या नव्हत्या. त्या कुटुंबाच्या कामात त्यांच्याइतका भाग क्वचितच कोणाचा असेल, आणि माझ्या एका शब्दाने त्यांना वाटलं की आपण आता यात कोणी नाही. पैसा थांबला की देणगीदारपण संपतं. पुढच्या पत्रापासून मी तो शब्द काढला.

प्रार्थना हे मन राखायला दिलेलं दुय्यम काम आहे, अशी समजूत असेल तर पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायाचं अकरावं वचन पाहावं. तुम्हीही प्रार्थनेने आमच्या कामाला हात लावता, अशा अर्थाचं ग्रीक क्रियापद तिथे आहे. आपला 'हातभार' त्याच्या अगदी जवळ जातो.

'आश्रयदाता' नकोच. त्यात एक वर बसतो, दुसरा खाली.

'पाठिंबा' हा शब्द आज बाहेरूनही देता येतो आणि उद्या काढूनही घेता येतो. ठरावाला, उमेदवाराला तो ठीक. 'पाठबळ' त्याहून पुष्कळ चांगला. मदतीचं सामान्यनाम म्हणून निःसंकोच वापरा. तुम्ही सुचवलेला 'पाठीराखा' मला आवडतो, त्यात जिव्हाळा आहे, पाठ सांभाळणारं कोणीतरी आहे. अडचण एवढीच की पाठीराखा नेहमी मागेच राहतो. काम पुढच्याचं, हा फक्त राखण करणारा. फिलिप्पैकरांचं तसं नव्हतं.

'सहभागी' मुळात उत्तम शब्द, पण वापरून वापरून झिजला. शिबिरात सहभागी, स्पर्धेत सहभागी, चर्चेत सहभागी. नुसतं हजर राहिलं तरी माणूस सहभागी होतो. 'सहकारी' हा प्रत्यक्ष बरोबरीने काम करणाऱ्यांसाठी ठेवावा. पौलाने आपल्या सोबत्याला, तीताला, एकाच दमात 'माझा कोइनोनोस' आणि 'तुमच्यासाठी माझा सहकारी' अशी दोन नावं दिली आहेत. दोन शब्द वेगळे आहेत आणि एकाच माणसाला दोन्ही शोभू शकतात.

'वाटेकरी'वर थोडं थांबतो, कारण त्यामागे जुन्या करारातली दाविदाची गोष्ट आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, तिसाव्या अध्यायात, शत्रूचा पाठलाग करताना त्याच्या सहाशेपैकी दोनशे माणसं थकून बसोर ओढ्यापाशीच राहिली. लढून आलेल्यांपैकी काही म्हणाले, यांना लुटीतलं काही द्यायचं नाही. दाविदाने निवाडा दिला की लढाईला जाणाऱ्याचा आणि सामानापाशी राहणाऱ्याचा वाटा सारखाच. 'वाटेकरी' इथे शोभतो, कारण प्रश्न मिळालेलं वाटायचा होता. भागीदार मात्र आधी घालतो. नफा होईल की तोटा हे ठाऊक नसताना घालतो.

घरी राहणाऱ्याला 'भागीदार' म्हणणं जास्तच होतं, अशी शंका तुमच्या मंडळीत कोणी काढली तर विल्यम केरीची हकीकत सांगा. २ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडमधल्या केटरिंग गावी काही बाप्तिस्त पाळक जमले, संस्था काढली आणि १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स वर्गणी कबूल झाली. १७९३ मध्ये केरी बंगालला निघाला. त्या पाळकांपैकी अँड्र्यू फुलरने नंतर सांगितलेली उपमा प्रसिद्ध आहे: कोणी कधी न उतरलेली खोल खाण होती, केरी जणू म्हणाला की मी उतरतो, पण दोर तुम्ही धरायचा. फुलर त्या संस्थेचा चिटणीस झाला आणि १८१५ साली मरेपर्यंत चिटणीसच राहिला. गावोगाव फिरून वर्गणी जमवणं, पत्रव्यवहार, विरोधकांना उत्तरं, सगळं त्याच्या अंगावर. तो भारतात एकदाही आला नाही. मार्च १८१२ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला केरी आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या छापखान्याला आग लागली, हस्तलिखितं आणि टाइप जळाले. बातमी इंग्लंडला पोचल्यावर थोड्याच काळात नुकसान भरून निघेल एवढा पैसा उभा राहिला. आदल्याच वर्षी, १८११ साली, याच छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला होता. तो दोर कोणीतरी धरला होता म्हणून ते पुस्तक मराठी माणसाच्या हातात आलं. फुलरला 'देणगीदार' म्हणून बघा, जीभ अडखळते.

आता वापराच्या दोन गोष्टी. 'प्रिय भागीदार' अशी सुरुवात कानाला खटकते, कारण शब्द एकटा पडला की बाजाराकडे झुकतो. 'सुवार्तेतील आमच्या भागीदारांस' असं लिहा. आधीच्या शब्दाने त्याचं घर ठरतं. बोलताना 'सुवार्तेच्या कामात ते आमचे भागी आहेत' हेही सुंदर मराठी आहे.

आणि शुद्धलेखन. 'सहभागी'तला 'गी' दीर्घ, पण 'सहभागिता'तला 'गि' ऱ्हस्व. मूळ शब्द 'सहभागिन्'. 'ता' लागला की ऱ्हस्व इकार राहतो, 'उपयोगी'चं 'उपयोगिता' होतं तसाच. तुमच्या प्रश्नासोबत आलेल्या अहवालाच्या मसुद्यात तीन ठिकाणी 'सहभागीता' आहे, छापण्यापूर्वी तेवढं दुरुस्त करून घ्या. आणि त्याच्या शेवटच्या पानावर ज्यांनी रक्कम दिली त्यांचीच यादी आहे. शीर्षक 'भागीदार' करणार असाल तर ती यादी पुन्हा करायला बसावं लागेल.