जपानी पत्नीला जर्मनीसाठी व्हिसा लागेल का?

तुम्ही विचारलंय की टोकियोहून तीन आठवडे जर्मनीला जाताना जपानी पासपोर्टवाल्या पत्नीला व्हिसा काढावा लागेल का. नाही लागत. पर्यटनासाठी जपानी नागरिकांना शेंगेन देशांत (म्हणजे जर्मनी, फ्रान्ससारख्या, आपसांतल्या सीमांवर नेहमीची पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. हे ९० दिवस सगळ्या शेंगेन देशांचे मिळून मोजतात, त्यामुळे या १८० दिवसांत आधी पॅरिसवारी झाली असेल तर तीही त्यातच धरा. पासपोर्ट मात्र १० वर्षांच्या आत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी नोंदणी सुरू झाली आहे, तेव्हा विमान बदलायला वेळ जास्त ठेवा. शिवाय २० युरोंची 'इटियास' ही ऑनलाइन पूर्वपरवानगी लागू झाली की तीही तिला घ्यावी लागेल. निघण्यापूर्वी युरोपीय संघाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या.

पण मला खरी काळजी तुमची वाटते. तुमचा पासपोर्ट भारतीय आहे. जपानमध्ये राहत असलात, बायको जपानी असली, तरी शेंगेन व्हिसा तुम्हाला काढावाच लागेल. अर्ज टोकियोतूनच करता येईल, त्यासाठी पुण्या-मुंबईला यायची गरज नाही. प्रवासाआधी ६ महिन्यांपर्यंत अर्ज देता येतो, तेव्हा अपॉइंटमेंट आजच बघा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि जपानचं रहिवासी कार्डही सोबत ठेवा. तुमचा व्हिसा हातात येईपर्यंत दोघांचीही परत न होणारी तिकिटं काढू नका.