घरच्या कापसाची गोळी

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं, ते पुसलं आणि पुन्हा वाचलं. चार पानांतली साडेतीन सोयाबीनच्या भावावर आणि शेवटच्या अर्ध्या पानात ही ओळ, "नर्सबाई, माझी एक छाती दुसरीपेक्षा बरीच लहान आहे, ऑपरेशन करू का?" मला नवल वाटलं नाही. उपकेंद्रात बायका बीपी मोजायच्या निमित्तानं यायच्या आणि खरं दुखणं उठता उठता, दाराशी सांगायच्या.

"ओढणीआड काहीतरी जुगाड करते" असं लिहिलंस, तेव्हा पूर्वी उपकेंद्रात आलेली एक पोरगी आठवली. वेचणीचे दिवस होते. कुर्ती वर केली तर डाव्या बाजूला रुमालात बांधलेली कापसाची गोळी. घरचाच कापूस, हातानं सरकी काढलेला. एक सरकी आत राहिली होती, ती टोचून टोचून तिथं लाल चट्टा पडलेला. अकरावीपासून हे चाललं होतं आणि मायला पत्ता नव्हता.

दोन्ही स्तन तंतोतंत सारखे फार थोड्या बायकांचे असतात. माझेही नाहीत. ते मला शिवणवाल्या काकूंनी सांगितलं, तेही लग्नानंतर. टेप गळ्यात टाकून म्हणाल्या, "बाई, डाव्या बाजूनं जरासक ढिलं ठेवतो." झालं. पण तुझी ब्रा एका बाजूला निम्मी रिकामी राहते, एनसीसीच्या कवायतीला जाणं तू सोडलंस. तेव्हा "सगळ्यांचंच असतं" म्हणून मी तुला वाटेला लावणार नाही.

आधी तपासून घे. बहुतेक वेळा वाढच कमी-जास्त झालेली असते, कारण असं काही सापडत नाही. पण कधी लहानपणी छातीवर गरम पाणी सांडून कातडी आखडलेली असते. कधी पाठीचा कणा वाकडा असतो आणि दोष छातीला लागतो. क्वचित एका बाजूचा छातीचा स्नायूच जन्मतः नसतो, त्याला पोलंड सिंड्रोम म्हणतात. कधी लहान बाजू ठीकच असते, मोठ्या बाजूत गाठ वाढत असते. तुझ्या वयात ती बहुधा कॅन्सरची नसते, तरी सोनोग्राफी हवीच. आणि फरक गेल्या काही महिन्यांतच पडला असेल, कातडी आत ओढली जात असेल, बोंडातून रक्त येत असेल, तर पत्राच्या उत्तराची वाट पाहू नकोस, उद्याच जा.

तेल, मलम, मालिश, मोबाइलवरच्या गोळ्या यांनी एकच बाजू वाढत नाही. त्यात पैसा घालू नकोस.

आता ऑपरेशन. तुला वीस पूर्ण झाली, म्हणजे वाढ बहुतेक थांबली. आकार वर्षभर बदलला नसेल तर सर्जन पुढचं बोलतात. लहान बाजूला सिलिकॉनची पिशवी, म्हणजे इम्प्लांट बसवतात, किंवा पोटा-मांडीची चरबी काढून भरतात, किंवा मोठी बाजू कमी करतात. कधी दोन्हीकडे थोडं थोडं. चरबीतली काही अंगात जिरते, म्हणून पुन्हा भरावी लागू शकते. सिलिकॉनची पहिली पिशवी १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवली. तेव्हापासून पिशव्या पुष्कळ सुधारल्या, तरी जन्मभराची हमी कुणी देत नाही. भोवती कडक आवरण धरू शकतं, ती फुटू शकते, कधीतरी बदलावी लागते. विशीत बसवलीस तर पुढं आणखी एखादं ऑपरेशन धरूनच चाल. मोठी बाजू कमी केली की व्रण राहतात, बोंडाची संवेदना कमी होऊ शकते आणि पुढं अंगावर पाजताना त्या बाजूला दूध कमी येऊ शकतं. हे कुणी आधीच सांगत नसेल तर तिथून उठून ये.

तू पाठवलेली ती "दिवाळी ऑफर" पाहिली. साडीचा सेल असतो, छातीचा कशाला? पाटीवर "कॉस्मेटिक" लिहून भागत नाही. डॉक्टरची पदवी एमसीएच किंवा डीएनबी, प्लास्टिक सर्जरी, आहे का हे बघायचं. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, हा विभाग आहे, मिहानमधल्या एम्समध्येही. रांग लांब असते, पण तिथं कुणी तुला पॅकेज विकणार नाही. निव्वळ दिसण्यासाठीचं ऑपरेशन आरोग्य विम्यात बसत नाही. भाजल्यानंतरचं किंवा कॅन्सरनंतरचं असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांना विचार की याच कामाचे त्यांच्या पेशंटचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवतील का, आणि पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं तर खर्च कुणाचा.

आणखी एक, रागावू नकोस. मैत्रिणींबरोबर खर्रा खातेस, मला माहीत आहे. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. ऑपरेशनच्या कित्येक आठवडे आधी तो बंद, नंतरही बंद. चार-सहा आठवडे पाण्याची घागर नाही, कापसाचं ओझं नाही. म्हणजे वेचणीच्या हंगामात हा विषयच नको.

राहिलं ते दिवाळीनंतर तुला बघायला येणारे पाहुणे. पाहुण्यांसाठी घाईनं टेबलावर चढायला माझा विरोध आहे. ऑपरेशनला नाही, तुला स्वतःला हवं असेल, सहा महिन्यांनीही हवंच वाटलं, तर मी तुझ्याबरोबर नागपूरच्या एसटीत बसेन. तोवर त्या बाजूसाठी कापडी पॅड मिळतं. काकूंची पोरगी आता शिवते, ब्लाऊजात बेमालूम बसवून देईल. कापूस काढून टाक.

बुधवारी ये. आईलाही आण, तिच्याशी मी बोलते. बीपी मोजायचं निमित्त सांग, मशीन माझ्याकडं अजून आहे.

तुझी,
नर्सबाई